तक्त्यातलं ‘नाही’

एकतीस वर्षं मी मेंदू शिकवला, आणि जिवंत माणसाचा मेंदू काम करताना एकदाही पाहिला नाही. मानवतच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या पोरापोरींसमोर खडूनं मेंदूची आकृती काढायची, मागचा भाग बघण्याचा, बाजूचा ऐकण्याचा, पुढचा विचाराचा असं म्हणत बाण मारायचे आणि तास संपला की ओल्या फडक्यानं सगळा मेंदू पुसून टाकायचा. माझ्यानंतर इतिहासाचा तास असायचा आणि त्या मॅडमना फळा स्वच्छ लागायचा.

संपादक म्हणाले, सर, दिवाळी अंकाला नोकरीतले गमतीचे किस्से लिहा. किस्से आहेत की! पण एक किस्सा असा आहे, की तो वगळून बाकीचे लिहिले तर मी चोर ठरेन. तो माझ्या जळफळाटाचा आहे. जरा आडवळणानं येतो, सांभाळून घ्या.

आधी आमचा धंदा सांगतो. मानसशास्त्राचा मास्तर म्हटलं की लोक तळहात पुढं करतात. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका अडत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘सर, त्यो टोपीवाला खरं बोलायलाय का खोटं, तेवढं निस्तं तोंडाकडं बघून सांगा.’’ मी म्हटलं, मला नाही सांगता येत. त्याला वाटलं मी भाव खातोय.

आमच्या शास्त्राचा अर्धा भाग म्हणजे अंदाज आणि माहिती यांतला फरक ओळखणं. तो फार चिवट फरक आहे. एकदा झरीला पोरांना घेऊन झोपेची पाहणी करायला गेलो. प्रश्नावली छापलेली, पोरं इस्त्रीचे कपडे घालून आलेली. पहिल्याच ओसरीवर आजोबांना विचारलं, ‘‘बाबा, रात्री झोप कशी लागते?’’ आजोबा म्हणाले, ‘‘तुमाला कशी पायजे?’’ आता बोला! पाहुण्याला हवं ते द्यायचं ही आपल्याकडची रीत. झोप विचारली तर तीही त्याच्या पसंतीची द्यायची. सगळ्या गावात आम्हाला उत्तम झोप सापडली.

म्हणून मग प्रयोग. लोकांना विचारायचं नाही, करून बघायचं. माणसांचे दोन गट करायचे, एकाला औषध म्हणा, शिकवणी म्हणा, काहीतरी द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि शेवटी फरक बघायचा. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपल्या मर्जीनं किंवा त्यांच्या मर्जीनं नाही. कारण हौशी माणसं शिकणाऱ्यांत गेली तर फरक शिकवणीनं पडला का हौसेनं, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि दोन्ही गट एकमेकांपासून लांब ठेवायचे. हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं, की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दुसरा भाग मेंदूच्या चित्रांचा. परीक्षेत दहा मार्कांना हमखास. ईईजीमध्ये डोक्याला तारा चिकटवून आतल्या विजेची कुजबुज ऐकतात. मंगल कार्यालयाच्या बाहेर उभं राहून आतला गलका ऐकावा तसं. गलका कधी वाढला ते अगदी बरोबर कळतं, कोण बोललं ते कळत नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआय आतल्या रचनेचा फोटो काढतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, मोठं चुंबक आहे. आणि तेच चुंबक वेगळ्या रीतीनं वापरलं की मेंदूच्या कुठल्या भागात रक्ताची ये-जा वाढली ते दिसतं. मोंढ्यात ज्या अडतीसमोर हमालांची धावपळ, तिथं माल उतरलाय, एवढं लांबून ओळखतो ना आपण? तसंच. त्या भागात काम चाललंय म्हणून तिकडं रक्त धावतंय.

हे सगळं मी झकास शिकवायचो. आणि एका वर्षी पहिल्या बाकावरची बोरीची वर्षा उभी राहिली. बारीक अंगाची, तेल लावून चापून वेणी घातलेली. म्हणाली, ‘‘सर, तुमी पाहिलंय का ते मशीन?’’

वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, ‘‘हो. हैदराबादला.’’

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं. त्यात एक स्टॉपवॉच, शाईच्या डागांची कार्डं आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं एक लाकडी उपकरण. मशीन कुठलं असणार? मला संशोधन करायचं होतं, खरंच करायचं होतं. दोनदा प्रस्ताव पाठवला आणि दोन्ही वेळा ‘सुविधांचा अभाव’ असा शेरा मारून परत आला. पुढं मी निवृत्त झालो. स्टाफरूममध्ये समोसे, शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं चार मिनिटांचं भाषण.

त्यानंतर वर्षभरानं कॉलेजनं बोरीच्या वर्षाचं व्याख्यान ठेवलं. ती हैदराबादच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती, रोज त्या मशीनसमोर बसत होती. तिला मोठा हॉल. पडदा. माझ्या तासाला पेंगणारी जात, पण त्या दिवशी पोरं खाली सतरंजीवर बसून ऐकत होती. ती सुरुवातीलाच म्हणाली, ‘‘मेंदू मला पहिल्यांदा सरांनी दाखवला.’’ टाळ्या पडल्या. मी हात जोडले, हसलो आणि आतून नुसता पेटलो. टाळ्या मला आणि डोळे सगळ्यांचे पडद्यावर. घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं, दोन घास बघितले आणि म्हणाली, ‘‘अहो, पोटात दुखायलंय ना तुमच्या? ओवा देऊ का?’’ तिला ओव्याचं दुखणं आणि दुसरं दुखणं बरोबर ओळखू येतं.

आठवड्यानं वर्षा घरी आली. पाया पडली. म्हणाली, ‘‘सर, मला तुमची मदत पाहिजे.’’

तिचा प्रश्न मोठा सुरेख होता, आणि तो मला सुचला नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला वाचायला शिकवलं तर तिच्या मेंदूत काय बदलतं? बोरीच्या चोवीस बायका घ्यायच्या. सगळ्यांना रेल्वेनं हैदराबादला नेऊन मेंदूची चित्रं घ्यायची. मग चिठ्ठ्या टाकून बारा जणींना सहा महिने शाळेच्या व्हरांड्यात दुपारची शिकवणी, बारा जणींनी थांबायचं. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांची चित्रं. त्यानंतर थांबलेल्या बारा जणींनाही शिकवायचं, म्हणजे कुणावर अन्याय नाही. मी दर आठवड्याला एसटीनं बोरीला जायचं, घरोघर चक्कर मारायची आणि एक तक्ता भरायचा. त्यात एक रकाना असा होता: थांबलेल्या गटातली कुणी वाचायला शिकते आहे असं आढळलं का? होय किंवा नाही.

मला नकार द्यायचा होता. पण मी नाही म्हटलं असतं तरी तिचं काम झालंच असतं. माझ्याशिवाय झालं असतं. ते आणखी बोचलं असतं. म्हणून मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, बघू, किती दिवस टिकतंय.

पहिली अडचण आली तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो. त्या चुंबकाजवळ अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, नथ, सगळं उतरवायचं. हे सांगितल्याबरोबर व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. मग एकीनं पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘जित्या नवऱ्याच्या बायकांनी गळा मोकळा करायचा? न्हाई माय. आमाला न्हाई शिकायचं.’’ बायका उठायलाच लागल्या. मी वर्षाकडं बघितलं. मला वाटलं, आता रडेल.

ती म्हणाली, ‘‘मावशी, मंगळसूत्र तुटलं, अन् सोनाराकडं दिलं, तर तवर गळ्यात काय बांधता?’’

‘‘हळकुंड. पिवळ्या दोऱ्यात.’’

‘‘मग तेच बांधून चला की. जोडव्याच्या जागी दोरा. हळकुंडाला मशीन काही म्हणत नाही.’’

बायका एकमेकींकडं बघून हसल्या आणि खाली बसल्या. इतकं सोपं! चोवीस हळकुंडं गळ्यात बांधून बायका हैदराबादला जाऊन आल्या. माझ्या डोक्यात हे का आलं नाही? एकतीस वर्षं मी सहभागी व्यक्तीचा विश्वास संपादन करणे हा मुद्दा शिकवला, आणि ती पोर आली आणि करून मोकळी झाली. 

मग चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या. एकाच घरातल्या दोन जावा होत्या, थोरली मुक्ताबाई आणि धाकटी शेवंताबाई. मुक्ताबाईला शिकायची चिठ्ठी निघाली, शेवंताबाईला थांबायची. शेवंताबाईनं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. वाचता तर येत नव्हतं. मी सांगितलं, ‘‘तुमचा नंबर नंतर.’’

‘‘तिचाच काहून आदी?’’ ती म्हणाली. ‘‘थोरली म्हनून समदं तिचंच आदी असतंय.’’

मी समजूत घातली, चिठ्ठीला थोरली-धाकटी कळत नाही वगैरे. पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी चांगलं ओळखलं. रोज दाढी करताना बघत होतोच.

पुढं दोन महिने त्या घरात धुमसत राहिलं. मुक्ताबाई दुपारी पाटी घेऊन निघाली, की आत भांडी आपटायची. दोघी एका चुलीवर, पण शब्द नाही. मी जायचो, चहा प्यायचो, तक्त्यात ‘नाही’ लिहायचो. ते ‘नाही’ तेव्हा खरं होतं.

तिसऱ्या महिन्यात एकदा नेहमीच्या आधीची एसटी मिळाली. घरात शिरलो तर शेवंताबाई भाकरी करत बसलेली, समोर काटवटीत कोरडं पीठ, आणि पिठात बोटानं लिहिलेलं: शेवंता. ‘शे’ची मात्रा जरा लांबली होती. मला बघताच तिनं तळवा फिरवला. पीठ सपाट.

‘‘काय लिहिलं?’’

‘‘काई न्हाई सर. असंच. रांगोळी.’’

मुक्ताबाई मागच्या दारातून आली. तिनं एकदा जावेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खालीच बसली. ‘‘सर, मीच शिकवायलेय तिला. दोन महिने तोंड फुगवून बसली व्हती. मला आन्न ग्वाड लागंना. एका चुलीवर बसून म्या वाचावं अन् तिनं निस्तं बघावं? मह्या जिवाला न्हाई पटत. तुमी वर्षाताईला सांगणार न्हाई, असा शबुद द्या. तिचं नाव काढून टाकतील.’’

मी त्या दिवशी आणखी चार घरं फिरलो, जरा डोळे उघडे ठेवून. कुठं चुलीच्या राखेत अक्षरं, कुठं शेणानं सारवलेल्या भिंतीवर खडूनं. तिथं शिकणाऱ्या प्रत्येकीनं थांबलेल्यांतली कुणी नणंद, कुणी शेजारीण धरली होती. ज्याला आमच्या शास्त्रात दोन गटांची सरमिसळ म्हणतात, ती बोरीत घरोघर चालली होती. सगळा प्रयोग आतून पोखरला होता.

त्याच दिवशी वर्षाला फोन करायला हवा होता. अजून वेळ होता. तिला दुसऱ्या गावातला थांबलेला गट घेता आला असता, प्रश्न बदलता आला असता, काहीही करता आलं असतं. मी एसटीत बसलो, तक्ता मांडीवर घेतला आणि त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

मी स्वतःला सांगितलं, बायकांनी शब्द घेतलाय. साफ खोटं. बायकांचा शब्द मला सोयीचा सापडला. खरं हे, की मला बघायचं होतं तिचं मशीन तोंडावर पडताना. एवढी हैदराबादची संस्था, एवढं चुंबक, आणि पिठातलं एक अक्षर त्यांना दिसत नाही! पुढचे तीन महिने दर आठवड्याला मी ‘नाही’ लिहिलं, आणि दर वेळी मला बरं वाटलं. मजा आली असंच म्हणायला पाहिजे.

शेवटी वाचनाची परीक्षा झाली. थांबलेल्या बारा जणींना नाव काढून टाकायची धास्ती. त्यांनी कार्डावरचे शब्द बघितले आणि ‘‘न्हाई येत’’ म्हणून माना हलवल्या. शेवंताबाईनं तर कार्ड मुद्दाम उलटं धरलं. मी समोर बसून तिला शून्य दिलं. मग बायका पुन्हा हळकुंडं बांधून हैदराबादला जाऊन आल्या.

दीड महिन्यानं एका दुपारी वर्षा न कळवता घरी आली. पार उतरली होती. लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. ‘‘सर, मला कळत नाहीये. तुम्ही बघता का?’’

आणि मी पाहिलं. करड्या मेंदूवर डाव्या बाजूला, मागं, खाली, नारिंगी ठिपका. तिनं समजावून सांगितलं. मशीनमध्ये झोपलेल्या बाईला पडद्यावर कधी शब्द दाखवायचे, कधी नुसत्या रेघोट्या. वाचता न येणाऱ्याला दोन्ही सारखेच. वाचता येणाऱ्याला मात्र अक्षर दिसलं की ते न वाचणं जमतच नाही, त्या ठिपक्याकडं रक्त धावतं. मुक्ताबाईचा मेंदू दाखवला, ठिपका. मग दुसरा मेंदू. तसाच ठिपका. ‘‘ह्या शेवंतामावशी,’’ ती म्हणाली.

बाईनं कार्ड उलटं धरलं, मान हलवली, वाचता येत नाही असं दाखवलं. पण आत गेल्यावर तिला न वाचणं जमलं नाही. मशीननं पकडलं. मी पराभव बघायला बसलो होतो आणि त्या मशीननं बोरीच्या चुलीपुढचं पीठ वाचून दाखवलं. 

‘‘गाइड म्हणतात, मी फायलींची अदलाबदल केली,’’ वर्षा म्हणाली. ‘‘चुकून केली असेल तर निष्काळजी, मुद्दाम केली असेल तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शिष्यवृत्ती दोन महिन्यांत संपतेय. बंगळूरच्या एका संस्थेतल्या नोकरीच्या जागेसाठी माझं नाव लावलं होतं, तेही थांबवलंय. मी सगळं चारदा तपासलं, सर. अदलाबदल सापडत नाही. पण झाली असणारच. कारण तुमच्या तक्त्यात दर आठवड्याला ‘नाही’ आहे.’’

तिनं मशीनवर विश्वास ठेवला नव्हता. स्वतःवरही नाही. तिनं माझ्यावर ठेवला होता.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तशीच दारात उभी राहिली.

मी म्हटलं, ‘‘मशीन बरोबर आहे. तक्ता खोटा आहे.’’

सगळं सांगितलं. काटवट, राख, भिंती. शेवटी म्हटलं, ‘‘बायकांनी शब्द घेतला होता.’’ वर्षाच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. ‘‘अच्छा. म्हणजे त्यांच्यासाठी...’’ ती मला सोडवायला निघाली होती! तिथं थांबलो असतो तर आजही मी तिचा पूजनीय सर असतो.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांच्यासाठी नाही. मला तुझा हेवा वाटत होता. तू पडावीस असं वाटत होतं. आणि ते मशीन मी हैदराबादला कधी पाहिलेलं नाही. आज पहिल्यांदा बघतोय.’’

तिनं लॅपटॉप मिटला.  मला वाटलं, ओरडेल, रडेल, निघून जाईल. तिनं पिशवीतून वही काढली.

‘‘कुठल्या आठवड्यापासून?’’ तिनं विचारलं. ‘‘घरागणिक सांगा.’’

मी संस्थेला सहीनिशी पत्र लिहिलं. पुढचे कित्येक आठवडे मी आणि ती बोरीत घरोघर फिरलो. कोण कुणाकडून कधी शिकलं, किती शिकलं, सगळं नव्यानं लिहिलं. बायकांना सांगितलं, कुणाचं नाव काढणार नाही. शेवंताबाईनं मग कार्ड सरळ धरून घडाघडा वाचलं. एसटीत वर्षा खिडकीकडं बसायची आणि कामापुरतं बोलायची. तिला प्रबंधाचा प्रश्नच बदलावा लागला: शिकवलेल्या बाईचा आणि त्या बाईनं शिकवलेल्या बाईचा मेंदू. वर्ष सव्वावर्ष जास्त गेलं. शिष्यवृत्ती संपली, ती तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. बंगळूरची जागा दुसऱ्याला गेली. ती बातमी कळली तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो, कारण तसं वाटलं.

पदवी मिळाल्यावर तिनं प्रबंधाची प्रत पोस्टानं पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. मी चष्मा लावून आधी ऋणनिर्देश उघडला. गाइड, आई, वडील, मशीन चालवणारे तंत्रज्ञ, बोरीची शाळा, सगळे होते. मी नव्हतो. अर्पणपत्रिका उघडली. ‘एका चुलीवरच्या दोन जावांना.’ त्यांचाही हेवा वाटला मला, खोटं कशाला बोलू?

मग शेवटून दुसरं पान. अभ्यासाच्या मर्यादा. इंग्रजीत दोन ओळी होत्या: गटांमधली सरमिसळ क्षेत्र-निरीक्षकाच्या लक्षात येऊनही त्यानं ती कळवली नाही, कारण, निरीक्षकाचा पूर्वग्रह. बस. नाव नाही. गाव नाही, कॉलेज नाही. तिनं मला झाकलं होतं. ज्या पोरीचं एवढं नुकसान केलं तिनं माझी इज्जत राखली. त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि मला रडू आलं. बायको म्हणाली, ‘‘आता काय झालं?’’ मी त्या दोन ओळी तिला मराठीत वाचून दाखवल्या.

वर्षाला मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. तो निरीक्षक कोण, हे तिच्या प्रबंधात कुणाला सापडणार नाही. म्हणून संपादकांना सांगितलंय, लेखाच्या वर माझं पूर्ण नाव छापा, आणि त्याखाली कॉलेजचं पद.